नाव न घेता

माणसाजवळ इतरांपासून जपून ठेवावी अशी गोष्ट एकच असते, आणि ती म्हणजे त्याचे नाव. बाकीचे सगळे शेजाऱ्यांना माहीतच असते. हे तत्त्व ज्या एका कार्यालयाने काटेकोरपणे पाळले, त्याची ही हकिगत आहे.

पोलीस वर्तन तक्रार परीक्षण कक्ष हे कार्यालय कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. २००२ साली मी तिथे रुजू झालो त्या सकाळी कक्षात पुढील गोष्टी होत्या: टेबले तीन, खुर्च्या सात (पाठ असलेल्या पाच), लोखंडी कपाटे दोन, कुलपे अकरा, किल्ल्या चार (या चारपैकी एकही त्या अकरांपैकी कशाला लागत नव्हती), संगणक एक, आणि बाहेर व्हरांड्यात लांब बाक एक. बाकावर माणसे नऊ होती. त्यांपैकी सहा जण पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन आले होते आणि तीन जण ते पोलीस होते. बाक एकच असल्यामुळे सगळे एकमेकांना सरकून जागा देत होते.

कक्षाचा हेतू उदात्त होता. पोलिसांकडून त्रास झालेल्या माणसाला पोलिसांकडेच तक्रार करण्याची पाळी येऊ नये; त्याने ती कक्षाकडे करावी, म्हणजे कक्ष ती पोलिसांकडे पाठवील.

कक्षाचे अध्यक्ष हंबीरराव सरनोबत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पोलिसांशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आलेला नव्हता, आणि तक्रारदारांशीही नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. मुख्य लिपिक आकाराम खोत हे मूळचे कागलकडचे. शिपाई ज्ञानू सुट्टीच्या दिवशी कुस्त्यांच्या मैदानात पुकारा करत असे आणि कर्णा बंद पडला तर त्याला तो बंद पडल्याचे कळत नसे. मी पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालो होतो आणि संगणकावर बसण्यासाठी माझी नेमणूक झाली होती. मला सगळे ‘बीएस्सी’ म्हणत. माझे नाव त्यांना माहीत होते की नाही, हे मी कधी तपासले नाही.

ज्या प्रकरणामुळे कक्षाची गोपनीयता नावारूपाला आली, ते गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गावातले आहे. (गावाचे नाव सांगता येत नाही.) एके दिवशी पहिल्या एस.टी.ने तिथून दोघे आले. बाई चाळिशीच्या, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ, विशीतला, उंच, छाती पुढे काढून चालणारा. आपण काही विचारले की तो आधी मान डावीकडे फिरवून उजवा कान आपल्याकडे करी आणि मग उत्तर देई.

तक्रार साधी होती. गावात पोलिसांचे औटपोस्ट आहे. औटपोस्टात एक हवालदार आहे. रस्ता ओलांडला की बाईंची चिरमुऱ्याची भट्टी आहे. भावाने चिरमुऱ्यांची पोती लादलेली लूना औटपोस्टासमोर थोडा वेळ उभी केली, म्हणून हवालदाराने त्याच्या डाव्या कानशिलात लगावली. तेव्हापासून त्या कानात शिट्टी वाजते आणि शिट्टीखेरीज काही ऐकू येत नाही. मुलगा सैन्यभरतीची तयारी करत होता. पळण्यात बसत होता, उंचीत बसत होता, छातीत बसत होता. भरतीत कानही बघतात.

“मला दोन गोष्टी पायजेत, अण्णा,” बाई आकारामना म्हणाल्या. “एक, ह्या आमच्या तम्माच्या कानाचं त्या हवालदाराला इचारा, आनि त्यो काय म्हंतो त्ये लिहून घ्या. भरतीत दाखवाय तेवढा तरी कागद हुईल. दुसरं, मी हितं आलते ह्ये त्येला कळाय नको. त्यो रोज समोर बसतोय. माझ्या पदरात दोन पोरी, आनि घरात बापय मानूस म्हंजे ह्यो एकच.” (तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; हे त्याचे नाव नव्हे.)

आकारामनी अर्ज पुढे ओढला. “पूर्ण नाव?”

बाईंनी स्वतःचे नाव सांगितले, आडनाव सांगितले आणि थांबल्या.

“मधलं?”

“त्ये मी घेत न्हाई.”

“मालक हाईत?”

“जाऊन सा वर्सं झाली.”

“मग आता घ्यायला काय हरकत हाय, अक्का?”

“जित्तं हुते तवा घेतलं न्हाई, आता कशाला घिऊ?”

अर्जात मधला रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. आकारामना ही अडचण नवी नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवले आणि सरसावून बसले.

“देवाचं नाव हाय?”

“व्हय.”

“शंकराचं?”

“म्हटलं तर त्येचंच.”

दार उघडेच होते. व्हरांड्यातल्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, “मल्लिकार्जुन!”

“न्हाई की री. पर त्येच्या लई जवळ.”

“किती जवळ?”

“त्यो बसलाय त्ये.”

“नंदी!” बाकावरचा एक जमादार म्हणाला. तो स्वतःविरुद्धच्या सुनावणीसाठी आला होता आणि कंटाळला होता.

“नंदीवर बसून देवळात असतोय व्हय ओ?” म्हातारा त्याच्यावर खेकसला. “डोंगर! त्यो बसलाय त्यो डोंगर!”

आणि मग सगळ्या बाकाने एका सुरात नाव घेतले. जमादाराने टाळी वाजवली. ज्ञानूने ते नाव खात्रीसाठी पुन्हा एकदा जोरात पुकारले. आकारामनी ते मधल्या रकान्यात लिहिले. बाईंनी मात्र ते शेवटपर्यंत घेतले नाही.

त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आले. त्यात एवढेच म्हटले होते की, तक्रारदाराचे नाव कोणत्याही परिस्थितीत, कोणाहीसमोर, लेखी अथवा तोंडी उघड करू नये; कसूर झाल्यास संबंधितांवर कारवाई करण्यात येईल.

हंबीररावांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढला. “नाव घ्यायचं नाही, तर कामकाज चालवायचं कसं?”

“साहेब,” आकाराम म्हणाले, “आमच्या आईनं लग्न झाल्यापास्नं वडलांचं नाव घेतलेलं न्हाई. म्हणून कधी दुसऱ्याच मानसाला चा न्हेऊन दिला, असं झालं न्हाई.”

हंबीरराव विचारात पडले. मग त्यांना परवाची चिरमुऱ्यांची बाई आठवली. नाव घेतले गेले नव्हते, काम झाले होते, कोणाचाही गोंधळ उडाला नव्हता. परदेशांत अशा गोष्टींसाठी मोठमोठे कायदे करावे लागतात असे ऐकतो. आपल्याकडे निम्मी लोकसंख्या ही पद्धत लग्न झाल्या दिवसापासून विनातक्रार अमलात आणते. कक्षाने तीच स्वीकारली.

आधीच्या सर्व अर्जांवरची नावे पांढऱ्या शाईने झाकण्यात आली. कागद उन्हात धरला की ती वाचता येत, म्हणून कक्षाची पूर्वेकडची खिडकी कायमची बंद करण्यात आली.

नाव गेले की माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न शास्त्रीय होता आणि म्हणून माझ्याकडे आला. मी सुचवले की नावाच्या जागी ‘ओळख-वर्णन’ लिहावे. मात्र ते असे हवे की जिल्ह्यातल्या पस्तीस लाख लोकांत एकालाच लागू पडेल. नाहीतर एकाचा त्रास दुसऱ्याच्या खात्यावर जायचा. नाव या कामी किती कुचकामी आहे, ते तेव्हा माझ्या लक्षात आले. एका नावाची दहा माणसे एका गल्लीत सापडतात. उलट, विधवा म्हटले की लाखभर उरतात. चिरमुऱ्याची भट्टी म्हटले की सात. औटपोस्टासमोर म्हटले की एक. मी पन्नास प्रकरणे तपासून सरासरी काढली: सव्वातीन बाबींत माणूस एकटा पडतो.

बाईंचे वर्णन आम्ही सुरक्षिततेसाठी पाच बाबींचे केले. ‘गडहिंग्लजकडील एका गावी (गावाचे नाव घेतलेले नाही) औटपोस्टासमोर चिरमुऱ्याची एकमेव भट्टी चालवणारी, विधवा, दोन मुली, मराठीत बोलणे सुरू करून कानडीत संपवणारी, भाऊ डाव्या कानाने बहिरा (अलीकडे).’

पत्रव्यवहारातही सुधारणा झाली. पूर्वी तक्रारदारांना बंद पाकिटातून बोलावणे जाई आणि पाकिटावर लाल शाईत ‘गोपनीय’ असे लिहिलेले असे. चौकशीअंती असे आढळले की, अशा दर दहा पाकिटांपैकी सात पाकिटे वाटेत कोणीतरी फोडलेली असतात. कक्षाने पाकिटे बंद करून पोस्टकार्डे सुरू केली. तेव्हापासून पत्र फोडल्याचा एकही प्रकार नोंदला गेलेला नाही.

पोलिसांचीही गोपनीयता असते, हे पुष्कळदा विसरले जाते. कक्ष विसरला नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचेही नाव घ्यायचे नाही, असे ठरले, आणि त्याचेही ओळख-वर्णन तयार करण्यात आले. ते जिल्हा पोलीस कार्यालयाशी विचारविनिमय करून सर्वांसाठी एकच ठेवले: ‘पुरुष, गणवेशधारी, मिशी आहे.’ हे वर्णन जिल्ह्यातील दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना लागू पडत होते (लग्नात वाजवणारी बँडपथके धरल्यास अडीच हजार). अशा वर्णनाचा कर्मचारी आपल्याकडे आहे काय, अशी विचारणा केली की, ‘आहे, नेमका कोणता ते गोपनीयतेमुळे सांगता येत नाही’ असे उत्तर वेळेत येत असे. पत्रव्यवहारातील ही तत्परता वाखाणण्याजोगी होती.

राहता राहिली पडताळणी. वर्णनात एखादी बाब चुकली तर निरपराध माणसाला सुनावणीला यावे लागेल, ही भीती हंबीररावांना रात्रंदिवस असे. तेव्हा प्रत्येक वर्णन स्थानिक माणसांची चांगली माहिती असलेल्या यंत्रणेकडून तपासून घ्यावे, असे ठरले. प्रत्येक गावात अशी यंत्रणा एकच असते. म्हणून बाईंचे वर्णन त्यांच्या गावच्या औटपोस्टाकडे पाठवण्यात आले. तिथे कर्मचारी एकच असल्यामुळे कागद चुकीच्या हातात पडण्याची शक्यता नव्हती. तक्रारीचा मजकूर मात्र गोपनीय असल्याने तो पाठवला नाही. साहजिकच कानाबद्दल औटपोस्टाला काही विचारण्यात आले नाही.

औटपोस्टाचे उत्तर आठवड्याच्या आत आले. अक्षर ठसठशीत, वळणदार, ओळी सरळ. आमच्या पाच बाबी बरोबर असल्याचे त्यात म्हटले होते आणि नऊ बाबींची भर घातलेली होती. हंबीररावांनी समासात हिरव्या शाईने ‘उत्तम’ असा शेरा दिला. माझ्या गणिताप्रमाणे चौदा बाबींत माणूस जिल्ह्यातच नव्हे, पृथ्वीवर एकटा पडतो.

सुनावणीच्या दिवशी भाऊ-बहीण बाकाच्या टोकाला बसले होते. भावाचा डावा कान दाराकडे होता. ज्ञानूने पुकारा केला, “कानफटात खाल्लेलं पावणं आनि त्येंची चिरमुरेवाली अक्का, आत याऽऽ!” बाई तेवढ्यात पाणी प्यायला गेल्या होत्या. भाऊ हलला नाही. ज्ञानूने छाती भरून घेतली आणि मैदानातला पुकारा केला. खाली धान्य बाजारातले हमाल पोती पाठीवर घेऊन वर बघू लागले.

“आरं, बहिरं आसंल त्ये!” एक हमाल खालून ओरडला. “हलवून उठीव की!”

“व्हय, बहिरंच हाय!” ज्ञानूने वरून उत्तर दिले. “त्येचीच तर केस हाय!”

आत आकारामनी वर्णनाचा कागद समोर धरला. नाव विचारून खात्री करता येत नसल्यामुळे, समोरची व्यक्ती तीच आहे हे वर्णन वाचून ठरवावे लागे.

“ऐका, अक्का. चुकत असंल तिथं सांगा. भट्टी औटपोस्टासमोर.”

“व्हय.”

“दोन मुली.”

“व्हय.”

आकाराम एकेक बाब वाचून तिच्यापुढे खूण करत गेले. “भट्टीच्या मागल्या दाराची कडी मोडलीया, रातीला दार दोरीनं बांधत्यात.”

बाईंनी मान वर केली. “आँ?”

“बरोबर हाय न्हवं? थोरली मुलगी बारावीला, वसतिगृहात. धाकटी सातवीत. शाळा सुटल्यावर वड्याकडच्या वाटेनं एकटी येती. बुधवारी शिवणाच्या वर्गामुळं उशीर, अंधार पडतो.”

आकारामनी पुढच्या खुणेसाठी पेन टेकवले.

“अक्का, बरोबर हाय का?”

“ह्ये कुणी लिवलं?”

“पडताळणीत आलंय. कुनाकडनं त्ये सांगता येत न्हाई. त्येंचीबी गोपनीयता असतीया.”

“बगू.” त्यांनी कागद आकारामच्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. वाचत नव्हत्या, नुसते अक्षर बघत होत्या. “औटपोस्टाच्या भिंतीवर ह्याच हातानं लिवलंय. ‘येथे वाहने लावू नयेत.’ रोज सकाळी भट्टी पेटवताना बगते मी.”

“ह्यात तुमचं नाव कुठं आहे का, बघा,” हंबीरराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “एका अक्षरानंही नाही.”

“न्हाई की, साहेब.”

“मग?”

“मग काय न्हाई. समदं बरोबर हाय. यल्ला बरोबर हाय.”

आकारामनी उरलेल्या खुणा करून टाकल्या. “झालं. आता बोला, कानाचं.”

“कानाचं काय बोलायचं न्हाई, अण्णा. तक्रार मागं घेते.”

भावाने मान फिरवून उजवा कान पुढे केला. “अक्का, काय म्हंतीयास तू?”

“काय न्हाई. चल.”

“कानाचं काय म्हनलं त्येनी?”

“तम्मा, गप ऱ्हा म्हंते न्हवं.”

“गप कशाला? पुढच्या म्हैन्यात भरती हाय माझी! कागद कुठाय? साहेब, कागद द्या की! एवढं ‘मारलं’ म्हणून लिवून द्या, कान मी बघतो माझा!”

तो ओरडत होता, कारण स्वतःचा आवाज त्याला आता अर्धाच ऐकू येत असे. ज्ञानूने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नेले आणि आपल्या ग्लासातला निम्मा चहा दिला.

तक्रार मागे घेणे हा तक्रारदाराचा हक्क आहे आणि कक्ष त्या हक्काचा आदर करतो. मात्र मागे घेणारी व्यक्ती तीच आहे याची खात्री व्हावी लागते. त्याच दिवशी खात्री करता येत नाही, कारण एकदा केलेली खात्री सुनावणीची असते, माघारीची नसते. बाईंना पुढची तारीख देण्यात आली.

त्या तारखेला त्या एकट्याच आल्या. आकारामनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. भट्टी, दार, दोरी (आता नवी कडी, तशी दुरुस्ती केली). मग, “धाकटी सातवीत, वड्याकडच्या वाटेनं एकटी येती.”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजे?”

“आता येत न्हाई. शाळा सोडवली. ती गावात न्हाई.”

आकाराम अडचणीत आले. चौदापैकी एक बाब जुळत नसेल तर समोरची बाई ती बाई आहे असे कसे म्हणायचे? “मग कुठं हाय ती? रकाना भरायला पायजे, अक्का. त्याबिगर तक्रार मागं जात न्हाई.”

“त्ये मी सांगत न्हाई.”

हा स्वर त्यांना ओळखीचा होता. त्यांनी पेन खाली ठेवले.

“पावन्यांकडं हाय?”

बाईंनी नजर जमिनीकडे वळवली.

“इकडं का कर्नाटकात?”

दार नेहमीप्रमाणे उघडे होते आणि बाकावर सात जण होते.

“निपाणी!” एक जण म्हणाला.

“संकेश्वर आसंल,” दुसरा म्हणाला. “गडहिंग्लजकडच्या लोकांचं पावनं संकेश्वरलाच असत्यात.”

“बेळगाव! मावशी आसंल बेळगावला!”

“हुक्केरी?”

“घटप्रभा?”

“अण्णा, बेड,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “हात जोडते. बेड.” त्यांना ‘नको’ म्हणायचे होते, मराठी शब्द आठवला नसावा.

“सांगू नकोस, अक्का, तू नावच घिऊ नकोस,” बाकावरून एका म्हातारीने धीर दिला. “आमी वळखतो.”

पुन्हा एकदा गावांची नावे घेण्यात आली, या वेळी ओळीने आणि सावकाश. बाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनी कोणत्याही नावाला मान हलवली नाही, होकार दिला नाही, नकारही दिला नाही. कक्षाच्या माहितीप्रमाणे त्यांनी गोपनीयता पूर्णपणे पाळली.

“थांबा!” दारातून ज्ञानू ओरडला. “आत्ता डोळं हाललं! त्येच! त्येच गाव!”

आकारामनी रकाना भरला. दुरुस्त वर्णन नियमाप्रमाणे पडताळणीसाठी औटपोस्टाकडे गेले. सहाव्या दिवशी ते परत आले, त्याच ठसठशीत अक्षरात. गाव बरोबर होते. गल्लीची भर घातलेली होती. सर्व बाबी जुळल्यामुळे तक्रार मागे घेण्यास मंजुरी देण्यात आली आणि तसे पोस्टकार्ड बाईंना पाठवण्यात आले.

कक्षाचा त्या वर्षीचा अहवाल मीच तयार केला. दाखल तक्रारी दोनशे बारा. निकाली दोनशे बारा. त्यांपैकी तक्रारदारांनी स्वखुशीने मागे घेतलेल्या दोनशे सात. तक्रारदार गाव सोडून गेल्यामुळे बंद केलेल्या तीन. दोन पोलिसांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या दोन, त्यांत तडजोड झाली. उघड झालेली नावे शून्य. इतर जिल्ह्यांतून ही पद्धत बघायला माणसे येऊ लागली. त्यांना बाकावर बसवून चहा दिला जाई आणि ती मोठ्या आवडीने नावे ओळखत.

कक्ष पुढे दुसऱ्या एका कार्यालयात विलीन झाला आणि मी शिक्षक झालो. ही हकिगत मी कक्षाचा नियम पाळूनच लिहिली आहे. तक्रारदार बाईंचे, त्यांच्या पतीचे, मुलींचे, भावाचे, त्यांच्या गावाचे किंवा धाकट्या मुलीला पाठवले त्या गावाचे नाव मी कुठेही घेतलेले नाही.

तरीही, एखादी गोष्ट तपासल्याशिवाय छापायला देऊ नये, अशी माझी शिस्त आहे. म्हणून हे लिखाण मी चाळीस सुशिक्षित वाचकांना आधी वाचायला दिले. त्यांच्यात प्राध्यापक होते, डॉक्टर होते, दोन वकील होते. वाचून झाल्यावर जे मनात येईल ते सांगा किंवा विचारा, एवढेच मी त्यांना म्हटले. काहींनी एकाहून अधिक गोष्टी बोलून दाखवल्यामुळे पुढील आकड्यांची बेरीज चाळिसाहून जास्त येते.

बाईंच्या पतीचे नाव ओळखून सांगणारे: चौतीस.

गाव कोणते ते ओळखण्याचा प्रयत्न करणारे: एकोणतीस.

धाकट्या मुलीला नेमके कुठे पाठवले, असे विचारणारे: एकतीस.

भाऊ भरतीत बसला का, असे विचारणारे: शून्य.